मधुकरी आणि पेनड्राइव्ह

आमच्या हिला काचबिंदूचा त्रास सुरू होऊन चार वर्षं झाली. एका डोळ्याने आता उजेड-अंधार तेवढा कळतो, दुसऱ्याने जवळचा माणूस ओळखू येतो. दर गुरुवारची पोथी बंद पडली. मी वाचून दाखवतो, पण माझा आवाज तासाभरात बसतो. मुलाने मोबाईलवर यूट्यूब लावून दिलं, त्यात कीर्तनं, पारायणं, आरत्या सगळं मिळतं. पण मध्येच जाहिरात सुरू झाली की हिला ती पुढे ढकलायचं बटण दिसत नाही. शिवाय संध्याकाळी आमच्या गल्लीत रेंज जाते, आणि हिची ऐकण्याची वेळ नेमकी तीच.

म्हणून मी रेकॉर्डिंगच्या मागे लागलो. पहिला प्रयोग अडाणीपणाचा. कॉम्प्युटरच्या स्पीकरसमोर मोबाईल धरून बसलो, तर कीर्तनात कुकरच्या तीन शिट्ट्या आणि भंगारवाल्याची आरोळी भरली गेली. मग नातू सुट्टीला आला तेव्हा त्याने ‘ऑडॅसिटी’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घालून दिलं. त्यात आवाज कुठून घ्यायचा ते निवडायचं असतं. त्या यादीत स्पीकरच्याच नावापुढे ‘लूपबॅक’ असं लिहिलेलं असतं, ते निवडलं की माईक लागत नाही. कॉम्प्युटर स्पीकरकडे जो आवाज पाठवतो, तोच सरळ उतरवून घेतो. कुकर कितीही वाजो. लाल बटण दाबायचं, व्हिडिओ सुरू करायचा आणि थांबायचं. दोन तासांचं कीर्तन उतरायला दोन तासच लागतात. मेलची टिंग बंद करायला मात्र विसरू नये. आमच्या एका आरतीत ती राहून गेली आहे, आणि ही अजून विचारते, ‘ही घंटा कुठली हो?’

शेवटी त्याची एमपी3 करून पेनड्राइव्हवर घातली आणि पेनड्राइव्ह एका बटणाच्या छोट्या स्पीकरला लावला. बोटाने चाचपून ही बटण दाबते. पहिल्या दिवशी हिने दोन तास कीर्तन ऐकलं आणि नंतर काही न बोलता देवापुढे जाऊन बसली. त्या दिवशी हे योग्य की अयोग्य असा प्रश्न मला पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

प्रश्न पडला तो शेजारच्या निवृत्त मास्तरांमुळे. ‘अण्णा, दुसऱ्याचं न विचारता घेतलं की त्याला काय म्हणतात?’ एवढंच ते म्हणाले. मी नोकरीत फायलींतच जन्म घालवलेला, तेव्हा आधी कायदा पाहिला. टेंबे स्वामी महाराज 1914 साली गरुडेश्वरी समाधिस्थ झाले. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे त्यांची करुणात्रिपदी कोणीही म्हणावी. पण आज ती जो गातो, त्याच्या गायनावर त्याचा हक्क पन्नास वर्षं असतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षं. म्हणजे शब्द सर्वांचे, गळा त्याचा. खासगी वापरासाठी उचित मर्यादेत घेण्याला 1957च्या कायद्यात सवलत आहे. यूट्यूबच्या अटी मात्र परवानगीशिवाय उतरवून घेऊ नका असं सांगतात. हे वाचून मी मास्तरांना म्हटलं, ‘अर्धा दरवाजा उघडा आहे.’ ते हसले.

कायद्यापाशी माझं समाधान झालं नाही. मग आपल्याच घरातलं आठवलं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात भुंगा आहे. तो फुलाला न दुखवता थोडं थोडं घेतो, तसं साधूने गृहस्थाला पीडा न होईल इतकंच घ्यावं. मधमाशीही आहे, साठवते आणि साठ्यासकट नाश पावते. म्हणून भिक्षा संध्याकाळसाठी, उद्यासाठी राखू नये. आणि पारध्याच्या गाण्याला भुलून अडकणारं हरीणही त्याच यादीत आहे. गाणगापूरला माधुकरी मागणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. झोळीत पडेल ते त्या दिवसाचं.

माझी झोळी मात्र बत्तीस जीबीची. मी वापरतो त्या प्रतीत एका मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे पाचशे तासांहून अधिक मावतं. रोज एक तास ऐकलं तरी दीड वर्ष पुरेल. आणि मला चटकच लागली. हिला हवं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त मी भरत गेलो. रेकॉर्डिंग लावून बाहेर फिरायला जाऊ लागलो. उतरवलं ते सगळं, ऐकलं काहीच नाही.

तरीही इथवर फूल दुखावलं नव्हतं, असं मी मनाला सांगत होतो. पुढचं लिहायला जड जातं.

गेल्या वर्षी आमच्या मंदिराचे पत्रे बदलले, खर्च वाढला. दत्तजयंतीच्या सप्ताहात सहाव्या दिवशी गेली कित्येक वर्षं एक कीर्तनकारबुवा येतात. त्यांची बिदागी, तबलजी, पेटीवाले, येण्याजाण्याचा खर्च. बैठकीत खजिनदार म्हणाले, ‘बुवांचं तेच आख्यान यूट्यूबवर आहे. अण्णांकडे तर उतरवलेलं आहे. एक वर्ष तेच लावू.’ मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानही वाटला, आपली वस्तू देवाच्या कामी येते म्हणून. धार्मिक विधीच्या प्रसंगी वाजवण्याला कायद्यात सूट आहे, हेही मीच त्यांना वाचून दाखवलं.

सहाव्या दिवशी नारदाची गादी घातली आणि तिच्यावर स्पीकर ठेवला. पूर्वरंग छान झाला. पण बुवांनी गजर सांगितला की पेनड्राइव्हमधलेच श्रोते तो म्हणू लागत, आमची माणसं तोंड उघडेपर्यंत गजर पुढे गेलेला असे. दोनदा असं झाल्यावर सगळे नुसते ऐकत बसले. मध्यंतरात बुक्का लावायची, हार घालायची वेळ आली. हार स्पीकरला घालायचा का, यावर दोघा कार्यकर्त्यांची कुजबुज झाली आणि शेवटी तो पादुकांवर ठेवला. शेवटी आरतीचं ताट नेहमीप्रमाणे फिरलं. म्हाताऱ्या बायकांनी कनवटीच्या नोटा सोडून टाकल्या. बुवांच्या ताटात टाकतात तशाच. मोजले तेव्हा 1,140 रुपये भरले. खजिनदारांनी ते दानपेटीत टाकायला हात पुढे केला, तेव्हा मला ताट सोडवेना.

‘हे बुवांचे आहेत,’ मी म्हटलं.

‘बुवा आलेत कुठे?’

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ताट मात्र मी दिलं नाही.

पौर्णिमा झाल्यावर एसटीने बुवांच्या गावी गेलो. पैसे पुढे ठेवले, झालं ते सांगितलं, हिचंही सांगितलं. बुवा रागावतील या तयारीने गेलो होतो. त्यांनी चहा सांगितला आणि पैसे दोनदा मोजले. ‘माझं राहू द्या,’ म्हणाले, ‘माझी पोरं कमावतात. पण त्या रात्री आमचा तबलजी घरी बसून होता. त्याला सप्ताहाचे महिने हेच काय ते.’ मग त्यांनी तीन वाटे केले. दोन वाटे कागदाच्या पुड्यांत बांधून नावं घातली.

निघताना मी विचारलं, ‘घरातलं पुसून टाकू का?’

‘वहिनींचं कशाला पुसता? आणखी काही हवं असलं तर कळवा, बिनजाहिरातीचं पाठवतो. आणि हो, मधूनमधून तो व्हिडिओही लावत जा. थोरला म्हणतो, बघणारे मोजतात.’

पेनड्राइव्हवर आता हिच्या आवडीचं तेवढंच ठेवलं आहे, बाकीचं काढलं. काढताना हात थरथरला हेही कबूल करतो, त्यातले काही व्हिडिओ आता नेटवर दिसतही नाहीत. त्यातल्या एका आजींच्या जुन्या भूपाळ्या तेवढ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. त्या पुसाव्यात की कोणाला द्याव्यात, हे अजून ठरत नाही. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, ‘त्यांच्या घरचं कोणी सापडतं का बघा.’ बघतो आहे.

यंदा सहाव्या दिवसाचं निमंत्रण बुवांना गेलं. साथीदारांची रक्कम वेगळी लिहून घेतली. त्यासाठी माझी बैठकीत चांगलीच शाब्दिक चकमक झाली आणि खजिनदार माझ्याशी अजून धड बोलत नाहीत. गुरुवारी सकाळी रेंज असते, तेव्हा आम्ही बुवांचा व्हिडिओच लावतो, जाहिरातींसकट, आणि मी उठून जात नाही. बटणही दाबत नाही. परवा मधेच साबणाची जाहिरात लागली तेव्हा ही म्हणाली, ‘असू दे, याच्यानंतरच आख्यान लागतं.’