उतारावरची डिस्क आणि पाचवं कारण

आजचं चिंतन गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या १४व्या श्लोकावर.

फळाबद्दलचा दुसऱ्या अध्यायातला श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ असतो. हा मात्र पटकन आठवत नाही. कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत इथे सांगतात: अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, वेगवेगळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसतच नाही, असं लगेच पुढे येतं.

हे समजून घ्यायला मला डिस्क गोल्फ फार उपयोगी पडतं. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी डिस्क, आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेलं लोखंडी बास्केट. कमीत कमी फेकींत डिस्क बास्केटमध्ये टाकायची. एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स केला. तेव्हा तिथे नुसते खांब होते, आणि डिस्क खांबाला लागली की नाही यावर वाद व्हायचे. मग त्यांनी साखळ्यांचं बास्केट बनवलं. डिस्क आत राहिली तर राहिली. वाद मिटला.

मी खेळायला सांताक्रूझच्या डीलाव्हेगा कोर्सवर जातो. १९८४ पासूनचा हा कोर्स सगळा चढउताराचा आहे, दऱ्या आणि ओकची झाडं. २७व्या होलला ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ म्हणतात. तिथून खाली फेकताना लांबवर समुद्र दिसतो.

आता पाच कारणं मोजा. अधिष्ठान म्हणजे डोंगर. (शंकराचार्य अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. कर्म जिथे उभं राहतं ती जागा, हा अर्थ मी आजच्यापुरता घेतोय.) कर्ता म्हणजे फेकणारा. करण म्हणजे हातातली डिस्क. चेष्टा म्हणजे धाव, कंबर, मनगट. आणि दैव म्हणजे ऐन वेळी आलेला वारा, किंवा डिस्क जमिनीला टेकते तिथला एक दगड.

सपाट मैदानावर पाचवं कारण फारसं जाणवत नाही. चुकलेली डिस्क बास्केटच्या आसपास पडून राहते. डोंगरावर तीच डिस्क कडेवर पडली की चाकासारखी गडगडत खाली जाते. नियम सरळ आहे, ती जिथे थांबेल तिथून पुढची फेक.

समजा दोन खेळाडू उताराच्या काठावरच्या बास्केटपासून १० मीटरवर आहेत. दोघंही तोच धोका पत्करून थेट बास्केटवर फेकतात. एकाची डिस्क साखळ्यांत अडकते. दुसऱ्याची साखळीला लागून बाहेर येते, कडेवर पडते आणि खाली झाडीत जाते. पहिल्याला टाळ्या, दुसऱ्याला “कशाला एवढी घाई केलीस?” निर्णय तर दोघांचा सारखाच होता! मग आपण नक्की कशाला नावं ठेवली? निर्णयाला की दगडाला?

हा प्रश्न खेळापुरता राहिला असता तर मी इथे लिहिलं नसतं. आपल्या आयटीत हे रोज घडतं. दोन इंजिनिअर टेस्ट पूर्ण न करता शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करतात. एकाचा कोड चालतो, त्याला ‘फास्ट डिलिव्हरी’चं कौतुक. दुसऱ्याचा कोलमडतो, त्याच्यावर सोमवारी मीटिंग. अप्रेझलमध्ये एक बेजबाबदार ठरतो आणि दुसरा धडाडीचा. एखाद्याच्या करिअरवर, घरच्या हप्त्यांवर याचा परिणाम होतो. आणि ज्याचं कौतुक झालं तो पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच करतो, कारण यशाची चौकशी कुणी करत नाही.

तुम्ही म्हणाल, मग सगळं दैवावर ढकलायचं का? नाही ना! दैव पाचातलं एक आहे. उरलेली चार कारणं फेकीच्या आधी बघता येतात. खाली फेकलेली डिस्क हवेत जास्त वेळ राहते आणि शेवटचं वळण जास्त घेते, हे जाणकार खेळाडूला माहीत असतं. बास्केटमागे उतार असेल तर तो कधीकधी मुद्दाम अलीकडेच डिस्क टाकतो. फळाची आसक्ती नको याचा अर्थ परिणामाचा विचारच नको, असा होत नाही. विचार फेकीच्या आधी करायचा. डिस्क हातातून सुटल्यावर तिला ओरडून वळवता येत नाही.

आणि डिस्क खाली गेली तर? कार्डावर जादा फेक लिहायचीच. “नशीब खराब होतं” म्हणून ती माफ होत नाही, होऊही नये. रिलीज कोलमडलं तर निस्तरायचंही त्यालाच. पण परिणाम भोगणं वेगळं आणि माणूस म्हणून कमी ठरणं वेगळं. हे दोन हिशेब आपण एकाच वहीत लिहितो, तिथेच अन्याय होतो. दुसऱ्यावर होतो आणि स्वतःवरही.

आजच्या दिवसासाठी एक छोटा अभ्यास. अलीकडे तुमचं जे एक काम छान झालं ते घ्या. हो, छान झालेलंच. त्याची पाच कारणं कागदावर लिहा आणि पाचव्यासमोर प्रामाणिकपणे लिहा की कोणता दगड आडवा आला नाही. मग ज्याचं तसंच काम फसलं असा एखादा सहकारी आठवा, आणि उद्या चहाला त्याला सोबत घेऊन जा.