आत्म्याची तहान व ख्रिस्ताचा चांगुलपणा

वैशाखांत नागपुराकडील उन्हांत ज्यानें दिवसभर वखर हांकला आहे, त्याला तहान म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. सायंकाळीं विहिरीचें पाणी पोटभर प्यालें, भाकर खाल्ली, गुरें गोठ्यांत बांधलीं, म्हणजे शरीर निवांत होतें. बैल रवंथ करीत बसतो. त्याला आणखी कांहीं नको असतें. परंतु त्याच अंगणांत बाजेवर पडलेल्या त्याच्या धन्याला पुष्कळदां झोंप येत नाहीं. कर्जाची चिंता नसली, घरांत दुखणें नसलें, तरी आंत कोठें तरी रितें वाटतें. ही कोणती तहान? आणि ती कशानें भागते?

कोणी म्हणतील, ज्याअर्थी तहान आहे त्याअर्थी पाणी आहेच. आत्म्याला देवाची ओढ आहे, तेव्हां देव आहेच. हें बोलणें गोड आहे, पण पुरतें नाहीं. आपणांस तहान लागली म्हणून अमक्या विहिरीस पाणी आहे असें ठरत नाहीं. तहानेवरून एवढेंच कळतें कीं, हा प्राणी पाण्यावांचून जगणारा नव्हे. पाणी आहे कीं नाहीं, आणि तें गोडें आहे कीं मचूळ, हें प्यायल्यावांचून समजत नाहीं. म्हणून नुसती ओढ पुरेशी नाहीं. ज्याच्याकडे ओढ जाते तो खरोखर चांगला आहे काय, हें पाहावें लागतें.

या गोष्टीचें उदाहरण आपल्या नागपुरांतच घडलें. कवि नारायण वामन टिळक हे कांहीं काळ नागपुरास श्रीमंत बुटी यांच्या आश्रयास होते. संस्कृताचा त्यांचा व्यासंग मोठा, कवित्व उपजत, आणि मनांत देशाच्या उन्नतीची तळमळ. जातिभेदाचा त्यांना वीट आला होता. नव्या धर्माची कल्पनाहि त्यांच्या मनांत घोळत होती. विद्या होती, मान होता. तरी मन तहानेलें होतें. 1893 सालीं नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात असतां एका गृहस्थाशीं त्यांचा संवाद झाला. त्या गृहस्थांनीं त्यांना ख्रिस्ती शास्त्राची प्रत दिली व ती वाचण्यास सांगितलें. टिळकांनीं वाचावयास आरंभ केला. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरचें प्रवचन आलें, तेव्हां तें त्यांना सोडवेना. तारीख 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यांना कशानें जिंकलें हें लक्षांत घ्या. वादानें नव्हे, नरकाच्या भयानें नव्हे, लाभाच्या आशेनें तर नव्हेच. कारण घर, जात व आप्त हीं सर्व त्यांना अंतरलीं. त्यांना जिंकलें तें चांगुलपणानें. जो शत्रूवर प्रीति करण्यास सांगतो, आणि सांगतो तसाच स्वतः वागतो, असा पुरुष त्यांना तेथें भेटला.

ख्रिस्ताचा हा चांगुलपणा म्हणजे नुसता मऊपणा नव्हे. ज्याला कोणी शिवत नसे त्या कुष्ठ्यास त्यानें हात लाविला. जक्कयाच्या घरीं तो आपण होऊन उतरला. परंतु श्रीमंत तरुण गुडघे टेकून विचारूं लागला, तेव्हां त्याच्यावर प्रीति करीत असतांच त्याचें दुखतें ठिकाण त्यानें दाखविलें, आणि तो तरुण खिन्न होऊन निघून गेला. प्रभूनें त्याला अडविलें नाहीं, व आपलें बोलणें सौम्यहि केलें नाहीं. खरा चांगुलपणा असा असतो. तो जवळ बोलावतो, आणि जवळ आल्यावर आपले डाग आपल्यास दाखवितो.

येथें एक कठीण प्रश्न उभा राहतो. देवाच्या ओढीनें एकजण निघाला आणि मागें दुसऱ्याचें हृदय फाटलें, तर त्या ओढीला चांगली म्हणावें काय? टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षें लहान मुलासह पतीपासून दूर राहिल्या. त्यांचें दुःख त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत आहे. तें झांकूं नये. पुढें त्या पतीकडे आल्या, तरी आपलें सोंवळें त्यांनीं लगेच टाकलें नाहीं. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, असा विचार त्यांचा त्यांनींच केला, आणि मग 1900 सालीं बाप्तिस्मा घेतला. यावरून हें शिकावें कीं, ज्याला देवाची तहान लागली त्यानें दुसऱ्याच्या ओठांस जबरीनें लोटा लावूं नये. प्रभूनें त्या तरुणास मोकळें ठेविलें. आपण आपल्या घरच्यांस मोकळें ठेवूं नये काय?

आतां आपल्या मंडळ्यांविषयीं. “तुमचे वाडवडील दुष्काळांत भाकरीसाठीं ख्रिस्ती झाले,” असें कोणी हिणवितात, व आपण मान खालीं घालतों. बंधूंनो, भुकेलें येणें ही लाज नव्हे. पांच हजारांस जेवूं घालतांना प्रभूनें कोणाची परीक्षा घेतली नाहीं. मात्र दुसऱ्या दिवशीं ते पुन्हां शोधीत आले, तेव्हां त्यानें त्यांना सांगितलें कीं, नासणाऱ्या अन्नासाठींच श्रमूं नका. भाकरीसाठीं आलों ही लाज नव्हे. भाकरीशींच थांबलों तर ती लाज आहे.

आणि थांबलों कीं पुढें गेलों, हें कशावरून ओळखावें? उपासनेंत पूर्वीच्या जातीप्रमाणें बसण्याच्या जागा ठरत असतील, सोयरीक जमवितांना ‘ते मूळचे कोण’ हा पहिला प्रश्न असेल, तर आपण विहिरीच्या कांठावर बसलों आहों, पाणी अजून प्यालों नाहीं. उपदेशक बंधूंनीं हें विशेष मनावर घ्यावें. टिळकांना ख्रिस्ताचा चांगुलपणा पुस्तकांत वाचतां आला. तुमच्या शेजाऱ्याला कदाचित् वाचतां येत नसेल, किंवा वाचण्याची इच्छा नसेल. तो तुमचें वागणें वाचील: उसना घेतलेला पायलीभर दाणा वेळेवर परत गेला काय, भांडणानंतर पहिला शब्द कोणीं बोलला, आजाऱ्याच्या दाराशीं रात्रीं कोण गेलें.

आत्म्याची तहान देवानें लाविली आहे; ती दाबूं नये, आणि तिची लाजहि धरूं नये. ज्यानें स्वतः वधस्तंभावर तहान सोसली, त्याला तहानेल्यांची कींव आहे. त्याच्याकडे जावें, प्यावें, आणि परततांना शेजाऱ्यासाठीं एक घागर भरून आणावी.