नकाशा आधी फिरवा

श्रावणात हरिश्चंद्रगडाच्या पठारावर ढग उतरले की दहा पावलांपुढचं दिसत नाही, आणि ढोरवाटा तर चहूकडे फुटलेल्या. अशा वेळी मोबाइलची बॅटरीही संपली, तर नकाशा आणि होकायंत्र जवळ हवं. ते वापरायला मुलांना शिकवायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा विरळ तिथे पठार, दाट तिथे चढ. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापाशी तर त्या एकमेकींना चिकटतातच.

होकायंत्र तळहातावर आडवं धरा. चाकू, मोबाइल लांब ठेवा. सुई स्थिरावली की तिच्या उत्तरेशी नकाशाची उत्तर जुळेपर्यंत नकाशा फिरवा. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक महाराष्ट्रात जेमतेम एखाद्या अंशाचा, त्यामुळे नवशिक्याला त्याचं गणित मांडावं लागत नाही. आता डोळ्यांसमोर डावीकडे उतरणारी डोंगराची सोंड नकाशातही डावीकडेच उतरते!

पहिला सराव मात्र आभाळ मोकळं असताना, आपल्याच गावच्या टेकडीवर करावा. तिथलं देऊळ, तिथला ओढा ओळखीचा असतो. नकाशावर ते ओळखता आले की मुलं स्वतःहून पुढच्या टेकडीचं नाव विचारतात.