कृपा आणि बलुते

‘देवाची कृपा’ हे शब्द आपणांमध्ये जितके वारंवार उच्चारले जातात, तितके दुसरे कोणते क्वचितच उच्चारले जात असतील. कोणी खुशाली विचारली, तर आपण म्हणतो, “देवाची कृपा आहे.” पत्राच्या आरंभी कृपा, आशीर्वादाच्या शेवटी कृपा. परंतु रोज हाताळलेल्या नाण्यावरील अक्षरे झिजावी, तसे ह्या शब्दाचे झाले आहे. तो खरोखर काय सांगतो, हे आम्हांस एका दुःखी मातेच्या प्रश्नाने पुन्हा विचारावयास लावले. तो प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

दोन वर्षांमागे एका खेड्यातील मंडळीत हंगामाच्या उपकारस्तुतीची उपासना होती. साक्षीकरिता आम्ही वेळ ठेविला होता. एका बंधूने उभे राहून सांगितले की, आपला मुलगा तापाने अगदी हातचा जात होता. मंडळीने प्रार्थना केली, आणि देवाने कृपा करून तो परत दिला. सर्वांनी आनंदाने ‘आमेन’ म्हटले. मागच्या बाजूस एक बाई पदर पुढे ओढून बसली होती. त्याच पावसाळ्यात, तसल्याच तापाने, तिची आठ वर्षांची मुलगी गेली होती. आणि तिच्याकरिताही ह्याच मंडळीने गुडघे टेकून प्रार्थना केली होती. उपासना संपल्यावर ती आम्हांस म्हणाली, “पाळकसाहेब, कृपा त्यांच्या घरी आली. आमच्या घरावरून ती पुढं का गेली? आमचं काय चुकलं?”

आम्ही तिला काही उत्तर दिले. ते सेमिनरीत शिकलेले होते व शास्त्रास धरूनही होते. परंतु ते तिच्या अंतःकरणापर्यंत पोहोचत नाही, हे बोलतानाच आम्हांस दिसत होते. तो प्रश्न घेऊन आम्ही घरी आलो.

‘आमचं काय चुकलं?’ ह्या शब्दांच्या मागे एक हिशेब आहे. तो त्या एका बाईचाच नाही, आपणा सर्वांचा आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील गावची कामे करून बलुत्यावर जगत. वर्षभर निरोप पोहोचवावे, वेशीची राखण करावी, मेलेली गुरे ओढावी, आणि हंगाम आला म्हणजे खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा मागावा. ते धान्य हक्काचे होते. पण ते भिकेसारखे पदर पसरून घ्यावे लागे. 1958 सालच्या कायद्याने मुंबई राज्यातील ती वतने कागदावरून गेली. परंतु मनातून तो हिशेब गेला आहे काय? आपण देवाशीही बलुत्याचा करार करून बसतो. आम्ही रविवार पाळला, वर्गणी दिली, मूर्ती सोडल्या, भाऊबंदांचे बोल सोसले. तर देवाने आता आमचा पाऊस, आमची गुरे व आमची लेकरे राखावी. हंगाम चांगला आला, तर वाटा मिळाला म्हणून आपण त्यास कृपा म्हणतो. घरात मरण आले, तर आपल्या कामात काय कसूर झाली म्हणून धन्याने वाटा अडविला, हे आपण शोधीत बसतो.

पौल प्रेषित रोमकरांस लिहिताना हा भेद स्पष्ट करितो. जो काम करितो त्याची मजुरी ही कृपा नव्हे, ती देणे आहे, असा त्याच्या म्हणण्याचा भावार्थ आहे. ह्यावरून दोन गोष्टी निघतात, व दोन्ही आपल्या लोकांनी नीट ध्यानात धरण्याजोग्या आहेत.

पहिली ही की, माणसांशी व्यवहार करिताना मजुरीला कृपा म्हणू नये. जो मालक घामाचे पैसे अडवून ठेवितो आणि मग उपकार केल्यासारखे हातावर टेकवितो, तो अन्याय करितो. अडविलेली मजुरी देवाच्या कानी आरोळी मारिते, असे याकोब आपल्या पत्रात बजावितो. म्हणून आपला दाम मागण्यात ख्रिस्ती मनुष्याने संकोच मानू नये, आणि आपल्या शेतात राबणाऱ्याचा दाम संध्याकाळी चुकविण्यात आळस करू नये.

दुसरी ही की, देवाशी असा करार मुळी नाहीच. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आहे. मजूर कोठे उभे राहतात, आणि कोणी बोलावील म्हणून दिवसभर वाट पाहणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांस सांगावयास नको. त्या धन्याने पहाटे लावलेल्या माणसांस ठरल्याप्रमाणे एक दीनार दिला. आणि दिवस मावळण्यास एक घटका उरली असता ज्यांस बोलाविले, त्यांसही तेवढाच दिला. पहाटेचे मजूर कुरकुरले. त्यांचे बुडाले काहीच नव्हते. त्यांनी फक्त शेजाऱ्याच्या तळहाताकडे पाहिले. कृपेचे माप शेजाऱ्याच्या घरात घ्यावयास गेलो, की आपल्यालाही असेच होते. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे की, पिता नीतिमानांवर व अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडितो. आपल्या वावरावर पडणारी सर गावातील सर्वांच्या वावरांवर पडते. ती कोणाच्या भक्तीचा पगार नव्हे.

मग मरणाचे काय? योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून प्रभूला विचारितात की, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोहोंसही नाही म्हटले. ‘आमचं काय चुकलं?’ ह्या प्रश्नाला हेच उत्तर आम्ही त्या दिवशी प्रथम द्यावयास हवे होते. पौलाने आपल्या देहातील काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. कृपा पुरेशी आहे, एवढेच आश्वासन मिळाले. आता बलुत्याच्या हिशेबाने पाहा. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो अनाथ मुली व विधवा आणून त्यांस आश्रय दिला, आणि केडगावास मुक्तिसदन उभारिले. धन्याकडे ज्यांची थकबाकी असावी, अशा कोणी असतील तर त्या. तरी त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई 1921 साली आईच्या आधी वारल्या. आईने त्या वेळी आपल्या सेवेचा हिशेब देवापुढे मांडून काम टाकिले नाही. शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी पुढे चालविले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्याही प्रभूकडे गेल्या. कृपा त्यांच्या घरावरून पुढे गेली होती, असे कोण म्हणेल?

तरीही एवढ्याने आमचे समाधान होईना. काही आठवड्यांनी आम्ही त्या बाईच्या घरी गेलो. ह्या खेपेस उपदेश केला नाही. ओट्यावर बसून राहिलो. बोलता बोलता तिने सांगितले की, मुलगी गेल्यावर महिनाभर तिच्याने चूल पेटविली गेली नाही. आम्ही विचारले, “मग बाई, तुम्ही खाल्लं काय?” ती म्हणाली, “शेजारच्या बाया भाकरी आणायच्या. पाळी लावली होती त्यांनी. पाण्याचा हंडासुद्धा कधी रिता राहिला नाही. त्या मुलाची आई तर रात्री माझ्यापाशी निजायला यायची, आपलं आजारातून उठलेलं पोर घरी ठेवून.” एवढे बोलून ती थांबली. काही वेळाने म्हणाली, “ह्याला कृपा म्हणतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.”

वाचकहो, सांगावयाचे काम आमचे होते, आणि ते आम्ही केले नव्हते. मुलगी का गेली, हे आम्हांस आजही ठाऊक नाही, आणि भाकरीने तिची उणीव भरून निघाली, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे क्रूरपणाचे होईल. परंतु ज्या घरावरून कृपा पुढे गेली असे आम्ही समजत होतो, त्या घरी ती रोज दोन वेळा टोपलीत झाकून येत होती. ती कोणाच्या कामाचा मोबदला म्हणून आली नाही. देवाने अरण्यात आपल्या लोकांस मान्ना दिला तो त्या त्या दिवसापुरता. साठविलेल्यात किडे पडले. प्रभूनेही आपणांस भाकर मागावयास शिकविले ती रोजची. दैनंदिन ख्रिस्ती जीवनात कृपेचा अनुभव तो हाच: आजच्या पुरते, न कमाविलेले, आणि बहुधा दुसऱ्याच्या हातून आलेले.

कोणी म्हणेल, कृपा फुकट असेल तर चांगले वागावे कशाला? ज्या बाया पाळीने भाकरी आणीत होत्या, त्यांस हे विचारा. देवाने आपणांस मोजून दिले नाही, हे ज्याला कळले, त्याचा हात दुसऱ्याला देताना मोजीत नाही.

म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस नम्र विनंती आहे. उपकारस्तुतीच्या दिवशी ज्यांचे लेकरू वाचले त्यांस अवश्य बोलू द्या. पण ज्यांचे गेले त्यांच्याही जवळ जाऊन बसा. तुमचा विश्वास कमी पडला, असे त्यांस कदापि म्हणू नका. आणि प्रत्येक कुटुंबाने रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी एकमेकांस दोन प्रश्न विचारावे: आज न कमाविलेले असे काय आपल्या घरी आले, आणि ते कोणाच्या हातून आले? आज आपल्या हातून ते कोणाच्या घरी गेले? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सापडले नाही, तर चूल विझविण्यापूर्वी टोपलीत एक भाकर शिल्लक आहे काय ते पाहावे, आणि शेजारचे दार अजून उघडे आहे काय तेही पाहावे.