रिपोर्ट नॉर्मल, खांदा मात्र धरलेलाच

थायरॉइडचा आजार आपल्याकडे एका आकड्यात बसवला जातो. रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, वाढलं की गोळी वाढते. ते उतरलं की डॉक्टर, घरचे आणि बहुतेकदा बाई स्वतःही म्हणते, ‘आता सगळं ठीक आहे.’ पण कुकरचं झाकण फिरवताना मनगटात येणारी कळ, केसांचा अंबाडा घालताना वर न जाणारा हात, अंथरुणातून उठल्यावर जमिनीला टेकवत नाही अशी टाच, यांचं काय? त्यासाठी वेगळा डॉक्टर, वेगळा कागद, वेगळी पट्टी आणि वेगळं मलम. मी स्वतः ही गोळी घेते, आणि माझं ठाम मत आहे की थायरॉइड मंदावलेल्या माणसाचं हे दुखणं त्या आजाराच्या हिशेबातच धरलं गेलं पाहिजे.

याला शरीरातलं कारण आहे. थायरॉक्सिन हे थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की केवळ पचन आणि नाडी मंदावते असं नाही. त्वचेत, स्नायूंत आणि सांध्यांभोवतीच्या ऊतींत काही चिकट रेणू साठतात आणि ते पाणी धरून ठेवतात. चेहऱ्यावर सूज दिसते, पण बोटाने दाबलं तर खळगा पडत नाही, ती यामुळे. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांच्या पेशींनाही हे संप्रेरक लागतं. ते पुरेसं नसेल तर रोजची झीज भरून काढण्याचं काम रेंगाळतं. मनगटात नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू एकाच अरुंद बोगद्यातून जातात. तिथे थोडी सूज आली तरी मज्जातंतू दाबला जातो. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात, झोपेतून उठून हात झटकावा लागतो. खांदा धरणं, बोट वाकवल्यावर अडकून बसणं, या तक्रारीही थायरॉइडच्या रुग्णांत जास्त दिसतात.

हे नातं डोळ्यांनी पाहताही येतं. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवतात, पाऊल मोकळं लोंबू देतात आणि टाचेमागच्या कंडरेवर छोट्या हातोडीने हलकेच मारतात. पाऊल झटक्याने मागे जातं. पण थायरॉइड मंदावलेली असेल तर पूर्वीच्या जागी परतायला त्याला वेळ लागतो. रक्ताची तपासणी घरोघरी पोहोचण्याआधी डॉक्टर हा संथपणा मुद्दाम शोधत. केवळ त्यावरून निदान करता येत नाही, हे खरं. तरीही हातपाय तपासून पाहण्याची ती शिस्त आकड्यांच्या गर्दीत मागे पडली, याचं मला वाईट वाटतं.

लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ साली प्रौढ स्त्रियांमधल्या या आजाराचं वर्णन केलं. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका बाईवर उपचार सुरू केले. ती पुढे २८ वर्षं जगली. आज तेच काम एक छोटी गोळी करते. उपचार आहे, स्वस्त आहे, परिणामकारक आहे. म्हणूनच उरलेल्या दुखण्याकडे दुर्लक्ष करणं मला जास्त खटकतं.

आपल्याकडे हा आजार दुर्मीळ नाही. मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात जवळपास ११ टक्के लोकांची थायरॉइड मंदावलेली आढळली, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त. स्त्रियांचं अंग दुखतं तेव्हा मात्र ‘वजन कमी करा’, ‘वय झालं’, ‘टेन्शन घेऊ नका’ ही उत्तरं तयार असतात. एक धोका तर सरळ औषधाचा आहे. थायरॉइड मंदावली की कोलेस्टेरॉलही वाढतं; थायरॉइड न तपासता त्यावर स्टॅटिन सुरू केलं, तर स्नायूंचं दुखणं आणखी वाढू शकतं.

याचा अर्थ प्रत्येक कळ थायरॉइडची, असा नाही. मधुमेहातही खांदा धरतो, संधिवातातही मनगट सुजतं, आणि रोज ढीगभर कपडे पिळणाऱ्या हाताला तेवढंच कारण पुरतं. दुखतंय म्हणून मनानेच गोळी वाढवणं हृदयाला आणि हाडांना घातक आहे. आयोडीनचे थेंब किंवा ‘मुळापासून बरं करणारी’ पावडर घेऊन गोळी सोडणं तर त्याहून वाईट.

खरी अडचण वेळेची आहे. गोळी उपाशीपोटी घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. डबे, पाणी, शाळेची बस या धांदलीत सकाळचा तो अर्धा तास घरात सर्वांत आधी उठणाऱ्या बाईला मिळत नाही. गोळी चहाबरोबरच जाते, अंगी कमी लागते, आणि पुढच्या वेळी डोस वाढतो. मात्रा बदलल्यावर रक्त तपासायला सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. कंडरा तर त्याहून संथ. तिला रक्तपुरवठा कमी, म्हणून रिपोर्ट सुधारल्यानंतरही दुखणं काही महिने रेंगाळू शकतं. नुसती विश्रांती तिला मानवत नाही. बेताचा, हळूहळू वाढवलेला भार लागतो. टाचेसाठीचे व्यायामही निदान बारा आठवडे नेमाने करावे लागतात. खांद्यात घेतलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम पडतो, पण तो बहुधा तात्पुरता, आणि मधुमेह असेल तर साखर चढते. थोडं बरं वाटलं की व्यायाम सुटतो, कारण घरच्या कामांत त्याला जागाच नसते. ती जागा घरच्यांनी करून द्यायला हवी: कणीक दुसऱ्याने मळावी, पाण्याची बादली दुसऱ्याने उचलावी.

डॉक्टरांना माझी विनंती आहे: टीएसएचचा कागद हातात घेतल्यावर एकदा विचारा, ‘हात वर जातो का? रात्री बोटं बधिर होतात का?’ खांदा किंवा मनगट घेऊन कुणी आलं, तर थायरॉइड कधी तपासली हेही विचारा. आणि ज्यांचं दुखतंय त्यांनी, कुणी विचारलं नाही तरी, पुढच्या भेटीत हे स्वतःहून सांगा.