ऐकणाऱ्याचे ऋण

हँडल फिरवून चालणारा रेडिओ अडीअडचणीसाठी घेताना त्याचे गुण पारखावेत, हे योग्यच. अमेरिकेतल्या अशा रेडिओवर हवामानवार्तांसाठी १६२ मेगाहर्ट्झच्या वर सात खास जागा असतात. कोकणात तसे प्रक्षेपणच नाही, तेव्हा त्यांचा उपयोग शून्य. त्यापेक्षा आपल्या गावी मीडियम वेव्हवर कोणते केंद्र अजून लागते, ते आधी पाहावे. एफएमहून त्या लहरी पुष्कळ दूर पोचतात.

पण माझा प्रश्न वेगळाच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले, कित्येक गावे दिवसचे दिवस काळोखात राहिली. अशा वेळी ज्याला एकट्याला बातमी ऐकू येते, तो शेजाऱ्याचे काय लागतो? कणगीतला भात न देणाऱ्याची बाजू मी एखादे वेळी समजून घेईन. भात वाटला की कमी होतो. बातमीला ती सबब नाही. मात्र ती सांगण्यातही एक धोका आहे. घाबरलेला माणूस अर्धे ऐकतो आणि दुप्पट सांगतो!

म्हणून कानात घालायच्या नळीपेक्षा मोठा कर्णा मी महत्त्वाचा मानतो. ओटीवर ठेवला की निवेदकाचे मूळ शब्द सर्वांच्याच कानी पडतात. माझ्यावर विश्वास ठेवण्याची कुणाला गरज राहत नाही. शिवाय मिनिटभर फिरवावे तेव्हा थोडा वेळ वाजणारे हे यंत्र! एकाचा हात भरून आला, तर पुढची पाळी घ्यायला ओटीवर दुसरा कुणीतरी असतोच.