कोकणकड्यावर जुळलेले हात

शंका : लग्नानंतर घरची देवपूजा माझ्याकडे आली. रोज करते, पण मन लागत नाही. गेल्या चैत्रात अमावास्येला हरिश्चंद्रगडावर मुक्काम होता. रात्री दोनच्या पुढे कोकणकड्यावरून आकाशगंगा पाहिली आणि हात आपोआप जुळले, डोळे भरून आले. सासूबाई म्हणतात, हे नास्तिकपणाचं लक्षण. डोंगर-आकाशच देव वाटणं चूक आहे का? पूजा सोडून द्यावी का?
— एक वाचक, जुन्नर तालुका

समाधान : ताई, कुणी न सांगता जुळलेल्या हातांना मी नास्तिकपणा म्हणणार नाही. तुमची वाट जुनी आहे. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त जगाला खोटी माया न म्हणता एकाच चैतन्याचा विलास म्हटलं. तिकडे हॉलंडमध्ये भिंगं घासून पोट भरणाऱ्या स्पिनोझाला देव आणि निसर्ग ही एकाचीच दोन नावं वाटत. १६५६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केलं होतं. पुढे १९२९ मध्ये आइन्स्टाइनने एका धर्मगुरूला कळवलं की आपण स्पिनोझाचा देव मानतो.

पण ज्ञानदेव आणि स्पिनोझा या दोघांत फरक आहे, आणि तुम्हाला तो आधीच कळलेला बरा. ज्ञानदेवांच्या अद्वैतात भक्तीचा ओलावा टिकून राहतो. स्पिनोझाचा देव नवसाला पावत नाही. त्या देवावर प्रेम करणाऱ्याने उलट प्रेमाची अपेक्षाच धरू नये, असं तो स्पष्ट लिहितो. घरात आजारपण आलं की हे फार जड जातं. शिवाय ज्या सह्याद्रीपुढे तुम्ही हात जोडलेत, त्याचाच एक कडा ३० जुलै २०१४ च्या सकाळी तुमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर कोसळला. दीडशेवर माणसं गेली. डोंगराला देव म्हणायचं तर हा डोंगरही त्यातच आला. त्याला वगळून केलेली भक्ती म्हणजे नुसती हौस, असं मला वाटतं.

गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनही असंच भयंकर विश्वरूप पाहतो, थरथरतो आणि पुन्हा ओळखीचं सौम्य रूप दाखव म्हणून विनवतो. मला तो तिथे फार जवळचा वाटतो. सासूबाईंचा देव्हारा हे त्यांचं ओळखीचं रूप आहे. म्हणून तुच्छतेने पूजा टाकू नका. मात्र मन नसताना तासभर नाटकही करू नका. त्यांना मोकळेपणाने सांगा, ‘आई, पूजा तुम्ही करा, फुलं मी आणून देते, सांजवातही मीच लावीन.’ बहुतेक त्यांना ते आवडेल.

आणि दिवाळीच्या अमावास्येला, रात्री नऊच्या सुमारास, त्यांना गच्चीवर न्या. गावातले दिवे आड येत नसतील तर ईशान्येला, बरंच वर, देवयानी दीर्घिका साध्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखी दिसते. तो उजेड सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, एवढंच त्यांना सांगा, आणि मग थोडा वेळ दोघी गप्प उभ्या राहा.